शिमग्याच्या आठवड्यातली हजेरी

मी त्या कचेरीत दोन वर्षं बसले आणि दोन वर्षं चुकीचं टाईप केलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी साहेबांवर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा स्वतःचं झाकून ठेवलं असं कोणी म्हणायला नको.

रोजगार हमीची हजेरी नुकतीच कॉम्प्युटरवर आली होती. मी नाशिक रोडला राहायचे. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, वय तेवीस, आणि नोकरी मिळाली ती पश्चिमेकडच्या एका डोंगराळ तालुक्यात, कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटरची. सकाळी सहाची एसटी, दोन तास घाट, आणि मग एसीची खोली. एसी कॉम्प्युटरसाठी होता, पण उन्हाळ्यात सगळी कचेरी डबा खायला तिथेच जमायची. आता चोरी बंद, सगळं ऑनलाईन, दिल्लीत बसून दिसणार, असं साहेब आल्यागेल्याला सांगायचे. मलाही ते पटलं होतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं. मेलेली माणसं मस्टरवर खड्डे खणायची, ती थांबली ती कॉम्प्युटरमुळेच. कॉम्प्युटरवर माझा राग नाही.

त्या भागात मातीकाम जोडीनं होतं. नवरा खणतो, बायको पाटी भरून वाहते, आणि खड्डा मोजतात तो दोघांचा मिळून. सकाळी मुकादम हजेरी घेतो तेव्हा फक्त पुरुषाचं नाव पुकारतो. तो दोघांच्या वतीनं "हाय" म्हणतो आणि मुकादम त्याच्या नावाशेजारी समासात "जोडी" असं लिहितो. बाईचं नाव मस्टरवर नाहीच. ती तिथे आहे हे सगळ्यांना माहीत, मग लिहायचं कशाला?

कॉम्प्युटरला समास नव्हता. तो एका माणसाचे आठवड्याला सहाच दिवस घ्यायचा. जोडीचे बारा टाकले की लाल अक्षरं दाखवून अडून बसायचा. घरटी एक जॉबकार्ड असे, त्यावर बायकोचं नाव होतं, तिच्या ओळीत सहा दिवस टाकायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मस्टरवर जे नाव नाही ते टाकायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. मग मी डोकं चालवलं. उरलेले सहा दिवस काम बंद असलेल्या एखाद्या मोकळ्या आठवड्यात त्याच नवऱ्याच्या नावावर चढवून दिले. बेरीज जुळली, लाल अक्षरं गेली, मजुरी घरात पोचली. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. मी इतकी फुगले की शेजारच्या तालुक्याच्या ऑपरेटरलाही फोन करून ही युक्ती शिकवली.

मग एका हिवाळ्यात जिल्ह्यावरून यादी आली. ज्या कार्डांवर वर्षभर काम झालं नाही ती बंद करा. कुटुंबप्रमुख गाव सोडून गेला असेल, तर त्या कार्डावरच्या दुसऱ्या कोणाच्या नावावर पूर्वीच्या कामाची नोंद असली तरच कार्ड चालू राहील.

गुरुवारी ती आली. तिशीतली बाई, जॉबकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. नवरा दीड वर्षापूर्वी नाशिकजवळच्या अंबडला कंपनीत लागला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. तेव्हापासून ती वणीकडे द्राक्षाच्या बागांवर जायची, पोरीला बरोबर घेऊन. पोरगी दोन वर्षं चौथीतच होती. आता बाईनं ठरवलं होतं की जायचं नाही, गावातच काम मागायचं. आणि सोमवारी बागेची गाडी मजूर न्यायला गावात येणार होती.

"बंधाऱ्याचं काम निघालंय, मला त्याच्यावर घे," ती साहेबांना म्हणाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची, डोंगरात तशीच रीत आहे. साहेबांना ते मुळीच खपायचं नाही.

साहेबांनी माझ्या स्क्रीनकडे बोट केलं. "तुझं कार्ड बंद होणार. तुझ्या नावावर भोपळा आहे. एक दिवसही काम केलेलं नाहीस."

"मी? पाच साल माती वाहली मी."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई."

तिला वाचता येत नव्हतं. मी उगाचच, धीर द्यायचा म्हणून, तिच्या नवऱ्याच्या नोंदी वाचून दाखवायला लागले. हा आठवडा सहा दिवस, तो आठवडा सहा दिवस. एका तारखेला तिनं मला थांबवलं.

"हे कवाचं? होळीच्या आधीचं का मागचं?"

मी कॉम्प्युटरवरच जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. तो होळीचाच आठवडा होता.

ती अशी हसली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "शिमग्याला? शिमग्याला तो पाच दिस शुद्धीतबी नव्हता! शिमग्याला कोणी कुदळ उचलतं व्हय?" हसू ओसरलं तसा तिचा चेहरा बदलला. "हे दिस माझं हायेत. हे कोणी लिवलं?"

साहेब टेबलावरचे कागद चाळायला लागले. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"मी लिहिलं," मी म्हटलं.

"मंग पूस. तू लिवलंस तं पुसायचं बी तूच."

साहेब उठले. जुन्या नोंदी उघडायच्या नाहीत, त्यांना मंजुरी मिळालेली आहे, यादीतली कार्डं आजच्या आज बंद करा मॅडम, असं एका दमात म्हणाले. मी म्हटलं, "मी नाही करणार. तुम्हीच करा." आणि माउस त्यांच्या बाजूला सरकवला. त्यांनी माउसकडे पाहिलं. दोन वर्षं ऑनलाईनचे गोडवे गाणाऱ्या या माणसाला तो धरताही येत नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमचं कंत्राट मार्चला संपतं, लक्षात आहे ना?"

"आहे. मार्चला अजून वेळ आहे."

ती बाई भिंतीला टेकून बसली. "मी हितंच हाय," एवढंच म्हणाली. मी रेकॉर्डमधून तिच्या गावच्या मस्टरांचे गठ्ठे काढले. धुळीनं शिंका येत होत्या आणि डोक्यात संताप मावत नव्हता, साहेबांवरचा कमी आणि स्वतःवरचा जास्त. जिथे जिथे समासात "जोडी" होतं तिथे तिथे मी नवऱ्याच्या नावावर होळी, पोळा, दिवाळी सगळं खणून घेतलं होतं. एकट्या तिचंच नाही, गावातल्या प्रत्येक बाईचं. मी कागदावर यादी केली. काम बंद असलेले आठवडे, आणि समोर त्या आठवड्यांत खणणाऱ्या पुरुषांची नावं.

ती यादी साहेबांपुढे ठेवली. "ही दुरुस्तीसाठी पाठवूया. नाहीतर तपासणीला येणारे कधीतरी स्वतःच काढतील. मग विचारतील, काम बंद असताना हजेरी कशी लागली? खाली सही तुमची आहे."

ही सरळसरळ धमकी होती. मला त्या धमकीचं आजही काही वाटत नाही.

साहेबांनी त्याच दुपारी जिल्ह्याला फोन करून दुरुस्तीसाठी नोंदी उघडून घेतल्या. शुक्रवार, शनिवार आणि सुट्टी असून रविवारही मी बसले. नेट गेलं की चहा प्यायचा, आलं की पुढचं गाव. तिचं कार्ड शनिवारी दुपारी बंद करायच्या यादीतून निघालं. बाकीच्या बायकांचं पुढे मार्चपर्यंत चाललं, आणि मार्चला माझं कंत्राट कोणी वाढवलं नाही. वाईट वाटलं. घरी महिनाभर बोलणी खाल्ली. तरी पुन्हा तशी वेळ आली असती, तर माउस मी तसाच सरकवला असता.

सोमवारी सकाळी नवं, छापलेलं मस्टर घेऊन मी स्वतः बंधाऱ्यावर गेले. प्रत्येकाची वेगळी ओळ, बायकांचीही. खालच्या रस्त्यानं बागेची गाडी हॉर्न वाजवत आली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. ती गाडीकडे बघतसुद्धा नव्हती. पाटी उलटी ठेवून तिच्यावर बसली होती.

मुकादमानं हजेरी सुरू केली. पुरुषांची नावं झाली. मग तो अडखळला, मस्टर डोळ्यांजवळ नेलं आणि तिचं नाव पुकारलं.

कोणीच उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. ती इकडेतिकडे पाहत होती, कोणाला बोलावताहेत म्हणून. गावात ती कोणाची तरी सून होती, कोणाची तरी आई होती. हे नाव लग्नानंतर तिला कोणी मोठ्यानं हाक मारून ऐकवलंच नव्हतं. शेजारचीनं तिला ढोसलं. "अगं, तूच ना ती!"

ती उभी राहिली. पदर खोचला आणि "हाय!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की मुकादमाच्या हातातला पेन पडला.