घंटेतली हाक

आमच्या माहेरी बडबड्या माणसाला कुणी कामाचा समजत नाही. मी धाराशिवला शाळेत विज्ञान शिकवते, दिवसभर घसा फोडून बोलते, त्यामुळे तिथं माझी किंमत जेमतेमच. आमचं घराणं ओताऱ्यांचं. उमरग्याच्या पुढं, जिथं अर्धा बाजार कानडीत बोलतो, तिथं आमची भट्टी आहे. पणजोबांनी घंटा ओतल्या, आजोबांनी ओतल्या, वडिलांनी ओतल्या आणि आता भाऊ ओततो. महादेवाच्या, मारुतीच्या, आणि माळावरच्या एका लहानशा चर्चचीही. घंटा कुणाच्या देवासाठी ओतायची यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. कशी ओतायची यावरून मात्र भावाभावांनी बोलणं सोडलंय.

घरातला एक नियम मात्र कुणी मोडत नसे. तांबं आणि कथील वितळून रस तयार झाला, रसाचं भांडं, म्हणजे मूस, उचलायची वेळ आली, की भट्टीपाशी असेल त्या प्रत्येकानं तोंडात पाण्याची गुळणी धरायची. बाई असो, बाप्या असो, गिऱ्हाईक असो. साचा भरेपर्यंत गुळणी गिळायची नाही, थुंकायची नाही. म्हणजे बोलताच येत नाही. याचं शहाणपणाचं कारण असं, की साच्यात ओल राहिली असेल तर रस आत जाताना खदखदतो आणि साचा फुटून माणसं भाजतात. ती खदखद वेळीच ऐकू यायला हवी. हे कारण मी वर्गात सांगितलं तर मुलं माना डोलावतील. दुसरं कारण मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. रस थिजत असताना जो आवाज त्याच्यावर पडतो, तो घंटा ठेवून घेते आणि बोलणाऱ्याला परत देत नाही.

माझ्या आजीचा आवाज असाच गेला.

आजोबा त्या चर्चची घंटा ओतत होते. साचा खड्ड्यात पुरलेला, रस पडायला लागलेला, सगळ्यांचे गाल फुगलेले. तेवढ्यात माझी आत्या, तेव्हा नुकती दुडुदुडु पळायला लागलेली, आजीचा हात सोडून खड्ड्याकडं निघाली. लाल रस बघून मूल हरखणारच. आजीनं गुळणी थुंकली आणि हाक मारली, "येऽऽ!" आत्या थबकली, मागं वळली, वाचली. आजोबांनी ओतणं थांबवलं नाही, कारण ते थांबवता येतच नाही. त्या दिवसापासून आजीच्या गळ्यातून शब्द फुटला नाही. ती खुणांनी बोलायची, आणि वर्ष फिरायच्या आत गेली. हे सगळं मला वडिलांनी सांगितलं. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते आणि तेही तोंडात पाणी धरून तिथं उभे होते.

आजीचा फोटो नाही. आत्याला आईचा चेहरा आठवत नाही. आजोबांनी मात्र लेक उजवताना एक केलं. जमीनजुमला न बघता तिला त्या चर्चशेजारच्या गावात दिली. लोक म्हणाले, ओताऱ्याचं डोकं फिरलं.

सुट्टीत मी आत्याकडं राहायला जायची तेव्हा रविवारची मला धास्ती वाटायची. आत्या चुलीपुढं भाकरी थापत असायची. माळावरून घंटेचा टोल यायचा. टोलाला नाही, पण तो विरताना मागं जो सूर रेंगाळायचा त्याला मी भ्यायची. आधी खाली जायचा आणि संपता संपता वर चढायचा, तिन्हीसांजेला बायका दारातून पोरांना हाक मारतात ना, तसा. आत्या पिठाच्या हातानं उठायची, दारापर्यंत जायची आणि म्हणायची, "आले." मग परत येऊन बसायची. तव्यावरची भाकरी करपलेली असायची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तीच भाकरी निमूट खायचे.

"आत्या, ती नुसती घंटा आहे," मी एकदा शहाणपणा केला.

"मंग तुझ्या अंगावर काटा का आलाय?" ती म्हणाली.

आला होता खरा. हात पदराखाली लपवायला मला पदरही नव्हता.

भूकंप झाला त्या पहाटे ती घंटा आपोआप वाजली. जमीन हलल्यावर घंटा वाजणारच, त्यात काही नवल नाही. पण झोपेतली आत्या "आले" म्हणत उठून अंगणात गेली, मामा तिच्या मागं तिला धरायला धावले, आणि दोघांच्या पाठीमागं भिंत अंथरुणावर बसली. त्यानंतर मी आत्याला शहाणपण शिकवायचं सोडलं.

गेल्या वर्षी घंटेला तडा गेला. आवाज घोगरा, फाटका झाला. मागचा सूर उरलाच नाही. चर्चचे पाळक आणि गावातली चार माणसं आमच्या भट्टीवर आली. भली माणसं. तुमच्याच घराण्याची घंटा, तुम्हीच पुन्हा ओतून द्या, म्हणाली. वडिलांनी होकार दिला. आत्याला कळलं तशी ती एसटीनं येऊन उंबऱ्यातच बसली. ती वडिलांना अण्णा म्हणते. तिचं ऐकून आम्ही भावंडंही त्यांना अण्णाच म्हणतो.

"अण्णा, आईला एकदा जाळलीय. आता तू पुन्यांदा भट्टीत घालणार?"

"फुटल्या घंटेला सांधा बसत न्हाय, बाय. तुला ठावं हाय."

"घोगरी तर घोगरी. राहू दे की तिला."

"घोगऱ्यात ती हाय का? खरं सांग. ऐकू येती का तुला?"

आत्या रडायला लागली, ऐंशीच्या घरातली बाई, लहान पोरीसारखी. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्या बघतो काय ते." काय बघणार, हे मी विचारलं नाही.

घंटा घणानं फोडावी लागते. भाऊ घाव घालत होता आणि प्रत्येक घावाला ती ओरडत होती. मी कानावर हात ठेवले. आत्यानं नाही ठेवले. ती प्रत्येक तुकडा पदरात गोळा करत होती आणि वडिलांच्या हातात देत होती. घाव संपल्यावर भाऊ पाठमोरा उभा राहून डोळे पुसत होता, आणि विचारलं तर धूर गेला म्हणाला.

ओतायच्या दिवशी सगळे खड्ड्याभोवती उभे राहिलो. पाळकांनाही गुळणी धरायला लावली. त्यांनी आधी प्रार्थना उरकून घेतली. वडील खुर्चीवर बसून होते. आता मूस उचलायची ताकद त्यांच्यात नाही, पण कान त्यांचेच. साचा काय म्हणतो ते तेच ऐकतात. याच माणसानं एका कामगाराला नुसतं खाकरल्याबद्दल भट्टीवरून हाकलून दिलं होतं.

मूस कलली. रस साच्यात उतरायला लागला. दुपारची वेळ, रणरणतं ऊन, तरी मला हुडहुडी भरली. एवढी माणसं आणि श्वासाचाही आवाज नाही. आत घट्ट, गोल गुटगुट चालू होती, खदखद नव्हती. रस काठाकडं चढत आला.

तेव्हा वडील खुर्चीतून उठले. त्यांनी गुळणी मातीत थुंकली, तोंडाशी हातांचा द्रोण केला आणि हाक मारली, "येऽऽ!"

तो आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा नव्हता. कोवळ्या बाईचा होता. आधी खाली गेला, मग वर चढला. मी बापाच्या तोंडाकडं बघत होते, ओठ त्यांचे हलत होते, आणि तरीही मला वाटलं की माझ्या पाठीमागं कुणीतरी उभं राहून हाक मारतंय. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. त्या बाईचा जिवंत आवाज आठवणारं या जगात वडिलांखेरीज कुणीच उरलेलं नव्हतं. आत्याचे गाल फुगलेले होते आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

मूस रिकामी झाल्यावर भाऊ संतापला. "अण्णा, हे काय केलंत तुम्ही? तुम्हीच आमाला शिकवलंय ना?" वडील हसले. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

उमरग्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. जन्मभराचा भट्टीचा धूर, वय, त्यात एकदम जोरानं ओरडणं, घशातल्या पडद्यांना इजा झाली, म्हणाले. सगळं तर्काला धरून होतं. मी विज्ञान शिकवते, मला ते पटायला हवं होतं. परतीच्या गाडीत वडील खिडकीबाहेर बघत होते, चेहऱ्यावर एक काम हातावेगळं केल्याचं समाधान. मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांचा हात धरून मी गाव येईपर्यंत बसून राहिले.

नवी घंटा चढवल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही वडिलांना आत्याकडं नेलं. ते ओसरीवर खुर्चीत बसले, गळ्याला मफलर. आत्या आत चुलीपुढं. मी दोघांच्या मध्ये, दाराला टेकून, आणि माझ्या मनात एवढंच, की हिला ऐकू आलं नाही तर काय.

टोल पडला. स्वच्छ, खणखणीत. मग मागचा सूर आला, खाली गेला, वर चढला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

आत्या पिठाच्या हातानं दारात आली. "आले" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. कान देऊन ऐकत राहिली. पुन्हा टोल पडला.

"ही आई न्हाय," ती हळूच म्हणाली. "आईसारखं करतोय. पण ह्यो अण्णा हाय."

तिनं माळाकडं पाहिलं, जिकडून हाक येत होती. मग खुर्चीकडं पाहिलं, जिथं अण्णा मिटल्या ओठांनी बसले होते. जन्मभर हाकेकडं धावलेली ती बाई उंबऱ्यावर उभी होती आणि कुठं जावं ते तिला कळत नव्हतं. वडिलांनी तिच्याकडं बघून मान हलवली. ती त्यांच्या पायाशी बसली, पिठाचा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "आले रं, अण्णा."

आत भाकरी करपल्याचा वास सुटला होता. आम्ही कुणीच उठलो नाही.