ऊन खाणारं मशीन

परतूरला थंडी पडली की संपतरावांचं गेमचं मशीन ओट्यावर ऊन खायला बसायचं. हसू नका, अख्खी गल्ली कधीच हसून दमली. सकाळी आठच्या सुमाराला संपतराव ते काळं मशीन छातीशी धरून बाहेर आणायचे, लाकडी पाटावर ठेवायचे, वायरी गुंडाळून बाजूला सारायचे आणि शेजारी तंबाखू मळत बसायचे. समोरच्या धान्याच्या दुकानातून राधेश्यामशेठ ओरडायचे, "काय संपतराव, लेकराला न्हाऊ घातलं का?"

"शेठ, मशीनलाबी हाडं असतात. थंडीत आखडतात," संपतराव शांतपणे सांगायचे.

आणि गंमत अशी, की ते खरं व्हायचं! थंडीत सकाळी मशीन चालू केलं की आतला पंखा असा किरकिरायचा की बाहेर रस्त्यावरचं कुत्रं उठून जायचं. अर्धा तास ऊन दाखवलं की बिलकुल गप्प. दिवसभर मंग चूं न्हाई की चां न्हाई. ही युक्ती कुठल्या कंपनीवाल्यानं शिकवली नव्हती, संपतरावांनी स्वतःच्या डोक्यानं काढली होती, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

तशी हकिकत जुनी. जिनिंगमधल्या वजनकाट्यावरची नोकरी सोडून संपतरावांनी २००६ साली घराच्या पुढच्या खोलीत गेमचं दुकान टाकलं. दोन टीव्ही, दोन मशीनं, चार रिमोट, आणि बाहेर लेकीच्या नावाची पाटी : 'आकांक्षा व्हिडिओ गेम'. शाळा सुटली की पोरांच्या चपलांचा दारात ढीग पडायचा. आता परतूर म्हणजे कापसाचं गाव. हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत उडत असतात. चहात पडतात, भुवयांवर बसतात. मशीनच्या जाळीतून आत जायला त्यांना कोण अडवणार? म्हणून दर गुरुवारी संपतराव सायकलचा पंप घेऊन बसायचे आणि जाळीतून फसफस हवा मारायचे. धुळीचा लोट उठायचा, स्वतः खोकायचे, पण मशीन उघडायचे नाहीत.

उघडायचं म्हटलं की ते हात मागं घ्यायचे. लहानपणी त्यांनी वडिलांचा रेडिओ खोलला होता. परत बसवला तेव्हा दोन स्क्रू हातात उरले. तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही, आणि वडील आठ दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून शपथच. "माझ्या मशीनला स्क्रू ड्रायव्हर म्हणून लागला न्हाई आजवर," असं ते छाती फुगवून सांगायचे. "सेलूच्या गेमवाल्याचं मशीन सहा महिन्यांत गेलं. माझं बघा! हाताला गुण पाहिजे."

हे ऐकलं की आतल्या दारात उभी असलेली त्यांची बायको दैवशाला पदर तोंडाला लावून हसायची. मोठी हसरी बाई. कपाळावर मरून रंगाची गोल टिकली, केसांना चपचपीत खोबरेल तेल. तेलावर तिचा फार भरवसा. दाराची बिजागरी कुरकुरली, घाल खोबरेल. कडी अडकली, घाल खोबरेल. कूलर, पाळणा, गिरणीवाल्याच्या पोराचा कान, काही म्हणजे काही सुटायचं नाही तिच्या हातून. आणि मशीन उन्हात बसलं की ती आपली तेलाची निळी बाटली आणून बरोबर त्याच्या शेजारी ठेवायची. "अहो, ह्याच्या संगं हिलाबी ऊन लागू द्या." आणि पुन्हा पदर तोंडाला. संपतरावांना राग यायचा. गल्ली हसते ते हसते, घरची बाईही?

बुधवारी संपतराव गेमच्या सीड्या आणायला जालन्याला जायचे. तेव्हा दुकानावर दैवशालाबाई बसायच्या. त्यामुळे बुधवार हा मुलींचा दिवस होऊन गेला. इतर दिवशी पोरांच्या गर्दीत ज्या पाऊल टाकायच्या नाहीत, त्या रिबिनी सावरत यायच्या आणि तासभर दंगा करून जायच्या.

मग घरोघरी मोबाईल आले. चपलांचा ढीग कमी होत होत एक दिवस दारात फक्त घरच्याच चपला राहिल्या. पाटी उतरवली, एक मशीन भंगारात गेलं. दुसरं, उन्हात बसणारं, मात्र आतल्या खोलीत आलं आणि नवरा-बायकोचं झालं. संपतरावांची बुधवारची जालन्याची फेरी तेवढी चालूच राहिली, घरच्या सामानासाठी. दुपारी जेवणं उरकली की दोघं क्रिकेट खेळायची. दहा ओव्हरची मॅच. बाई कायम आधी बॅटिंग मागायच्या, आउट झाल्या की म्हणायच्या, "हा धरायचा न्हाई, माझं बोट सरकलं." साठीला टेकलेली माणसं आणि भांडणं अशी की राधेश्यामशेठ दुकानातून विचारायचे, काय झालं, काय झालं!

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात दैवशालाबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. तीन दिवसांत खेळ खलास. दिवस झाल्यावर आकांक्षानं आईच्या साड्या वाटल्या, घर झाडूनपुसून काढलं. कपाटाच्या आरशाकडे ओलं फडकं घेऊन वळली आणि संपतराव असे कडाडले की पोरगी दचकली. आरशाच्या कडेला आईनं काढून चिकटवलेल्या चार टिकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. आरसा दोन वर्षं पुसला नाही.

आणि दुपारची मॅच? तीही राहिली. एक रिमोट हातात, दुसरा खाटेवर तिच्या जागेवर. पहिली बॅटिंग तिची. तिच्या बाजूनं तेच खेळायचे, आणि आउट झाली तर तो धरायचे नाहीत.

यंदा मार्गशीर्षात मशीननं दगा दिला. पंखा किंचाळायला लागला. संपतरावांनी अर्धा तास ऊन दाखवलं, तास दाखवलं, दुपारपर्यंत ठेवून पाहिलं. पंपानं हवा मारून खांदा दुखून आला. काही उपयोग नाही. मशीन तव्यासारखं तापायचं आणि आठव्या ओव्हरला आपोआप बंद पडायचं. रोज आठव्याच ओव्हरला. मॅच म्हणून पुरी होईना.

"पप्पा, मी नवं पाठवते ना," आकांक्षा फोनवर म्हणाली. "किती जुनं झालंय ते."

"नव्याला काय करू? त्याच्यात तुझी माय खेळली का?" संपतरावांनी फोन ठेवून दिला. मग रिकाम्या खोलीत बसून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. हे मशीन गेलं तर दुपारी दोन ते चार आपण करायचं काय, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

शेवटी मशीन तिच्याच जुन्या लुगड्यात बांधून त्यांनी जालन्याची गाडी धरली. जुन्या जालन्यात पहिल्या दुकानदारानं नुसतं वजन करून पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, भंगार है." संपतराव त्याला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तिथून ते तडक ज्योत्स्नाकडे गेले.

ज्योत्स्ना म्हणजे परतूरच्या भिवा हमालाची मुलगी. तिशीची असेल. कापडबाजाराच्या मागच्या बोळात तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली दिवा, आणि टेबलावर उघडे पडलेले दहाबारा मोबाईल. संपतरावांना पाहताच उठून उभी राहिली.

"संपतकाका! या, बसा. आणि हे... हे आपलं मशीन?"

"तेच. पंखा लई बोंबलून राह्यला. पण एक सांगतो, उघडायचं न्हाई."

"उघडायचं न्हाई मंग करायचं काय? अंगारा लावू?"

"ते तू बघ. पण माझ्या मशीनला आजवर स्क्रू ड्रायव्हर लागला न्हाई. उघडलं की त्याचा दम जातो."

ज्योत्स्ना त्यांच्याकडे बघतच राहिली. मग मशीन उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. "काका, चष्मा लावा. हे चार स्क्रू बघा."

संपतरावांनी पाहिलं. चारही स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत झाली होती.

"हे काय एकदोनदा खोललेलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "पन्नासदा तरी खोललंय."

"कोणी?" संपतरावांचा आवाज चढला. "कोणाची हिंमत झाली?"

ज्योत्स्नानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. स्क्रू काढले, झाकण उचललं. आत रुईची गादीच्या गादी जमलेली, वर काळपट धूळ. तिनं ब्रशनं ती अलगद बाजूला सारली, पंखा सुटा करून पाठीमागून वळवला. जिथं कंपनीचा गोल कागद चिकटवलेला असतो, तिथं तो कागद नव्हता. त्याच्या जागी एक टिकली होती. मरून, गोल.

संपतराव स्टुलावर बसले.

"काकू बुधवारी खोलायच्या," ज्योत्स्ना म्हणाली. "शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला छोटा स्क्रू ड्रायव्हर घ्यायच्या. मी बाजूला बसून स्क्रू धरायचे, तळहातावर, सांडू नये म्हणून. काकू दात घासायच्या ब्रशनं रुई काढायच्या, हा कागद उचलायच्या आणि आत खोबरेलाचा थेंब सोडायच्या. उचलून उचलून कागदाचा डिंक गेला, मंग कपाळावरची टिकली काढून लावली. मला म्हणाल्या, ह्यांना सांगू नको गं. त्यांच्या हाताला गुण हाय म्हणून सांगत फिरतात, फिरू दे."

संपतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या मशीनला! माझ्या पाठीमागं! आणि खोबरेल? मशीनला खोबरेल घालतं का कोणी? थंडीत गोठतं ते, बाटली उन्हात ठेवल्याशिवाय..."

आणि ते थांबले.

पाट. मशीन. शेजारी निळी बाटली. पदर तोंडाला लावलेला. ह्याच्या संगं हिलाबी ऊन लागू द्या.

दहाबारा हिवाळे त्यांनी मशीनची हाडं शेकली होती, आणि ती बाई शेजारी बाटली ठेवून, दोन्हींत एकच तेल आहे हे जवळजवळ बोलून दाखवत होती. संपतरावांना आधी हसू आलं. हसता हसता ते कधी रडायला लागले, त्यांचं त्यांना कळलं नाही. जालन्याच्या बोळात, उघड्या मोबाईलांच्या मध्ये, बासष्ट वर्षांचा माणूस डोळ्याला उपरणं लावून बसला. ज्योत्स्नानं दुकानाचा पडदा तेवढा ओढून घेतला आणि काम करत राहिली.

"दोन वर्षं कोणी तेल घातलं न्हाई," ती कामातच म्हणाली. "त्यात धूळ बसून चिकट झालं. आता उन्हानं पातळ व्हायचं न्हाई. पंखा चांगलाय, काका. धुऊन देते." तिनं टिकली चिमट्यानं उचलून कागदात ठेवली, पंखा पेट्रोलनं धुतला, वाळवला, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. "हे कुठं शिकले माहितीये? लोक विचारतात कोर्स कुठला केला. मी सांगते, परतूरला, बुधवारचा."

पंख्याच्या तेलाच्या भोकावर काहीतरी लावायला हवं होतं. जुनी टिकली चिकटेना. ज्योत्स्नाचा हात सहज स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"थांब," संपतराव म्हणाले. "तेवढं राहू दे. घरी हाय."

तिनं तात्पुरती चिकटपट्टी लावली, आणि तो छोटा स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा ते दाखवलं. कोणते चार काढायचे, कोणत्याला हात लावायचा नाही, सगळं. पैशाचं नाव काढलं तर रागावली.

घरी येऊन संपतरावांनी शिलाई मशीनचा ड्रॉवर ओढला. बॉबिनी, खडू, हुकं, आणि तळाशी तो स्क्रू ड्रायव्हर, मुठीला तेलकट डाग. चारही स्क्रू काढून त्यांनी वाटीत ठेवले. झाकण स्वतःच्या हातानं उचललं. मग आरशासमोर जाऊन उभे राहिले. चार टिकल्या. एक काढली की तीन राहणार, आणि त्या काही वाढायच्या नाहीत. शेवटी नखानं सगळ्यात खालची अलगद सोडवली, चिकटपट्टी काढून पंख्याच्या पाठीवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून धरली, गरज होती त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ.

सगळं परत बसवलं तेव्हा वाटीत एकही स्क्रू उरला नव्हता. त्या दुपारी मॅच दहा ओव्हर चालली. पंख्याचा आवाज नाही. दैवशालाबाई दोन रनांनी जिंकल्या. त्यांचा एक आउट धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधेश्यामशेठनं दुकान उघडलं आणि पाहतात तर काय, संपतरावांचं मशीन पुन्हा पाटावर, उन्हात!

"अरे संपतराव! काल तर म्हणत होता मशीन बराबर झालं, आता थंडी बाधत न्हाई म्हणून!"

"बराबर झालंय, शेठ. त्याला न्हाई लागत आता ऊन." संपतराव आत गेले आणि बाहेर आले ते खोबरेलाची निळी बाटली घेऊन. दोन हिवाळे ती फडताळात गोठून पडलेली होती, अर्धी. त्यांनी ती मशीनच्या शेजारी ठेवली, जरा सरकवून, तिची असायची तिथंच.

"हिला लागतं. आणि ही एकटी कधी बसली न्हाई."