चौकातलं हवेचं मशीन

"अण्णा, तुमची सूनबाई म्हणजे आपलं चौकातलं हवेचं मशीन हो! नुसती रीडिंग घेते, बोलत काहीच नाही."

हे काळेकाका माझ्या सासऱ्यांना म्हणाले. पडद्यामागं मी चहाचा ट्रे घेऊन उभी आहे, हे त्यांना कुठं माहीत! अण्णा महापालिकेत इंजिनियर, शहराची हवा सुधारायच्या कामावर. हवेतली धूळ मोजणारं चौकातलं मशीनही त्यांच्याच खात्याचं. काळेकाका त्यांचे जोडीदार. संध्याकाळी ऑफिस आमच्याच दिवाणखान्यात भरतं. लग्न होऊन कन्नड गावाहून आले, तर माहेरच्या साड्या लावायच्या आधी ऑफिसच्या किश्श्यांनीच कपाट भरलं!

हवेवर माझंही लक्ष होतंच. पाइपलाइनसाठी आमची गल्ली खोदून ठेवलेली, त्यात पावसाचा पत्ता नाही. एक रिक्षा गेली की धुळीचा लोट थेट घरात. सासूबाईंना दमा. दाराला ओला पंचा लावून त्या हातात पंप धरूनच बसायच्या.

तर एकदा 'नो व्हेईकल डे' निघाला. सगळ्यांनी ऑफिसला पायी यायचं, गेटवर फोटो. संध्याकाळी अण्णा उशिरा आले, तेही चिडून. "सगळ्या साहेबांनी गाड्या मागच्या गल्लीत दडवल्या होत्या. माझी स्कूटर मधोमध अडकली, निघता निघेना!"

मग कोळशाच्या भट्ट्या बंद करायचं फर्मान आलं. काळेकाका नानच्या भट्टीवर नोटीस घेऊन गेले आणि दोन पुड्या घेऊन परतले. एकीत गॅसवरचे नान, दुसरीत कोळशावरचे. "तुलना नको का करायला?" तुलना अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत झाली. निकाल काळेकाकांनीच दिला, "कोळशाला थोडी मुदत द्यावी!"

टँकरचा किस्सा तर आख्ख्या ऑफिसात गाजला. धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणारा टँकर, आणि नळ कधी येईल ते देवालाच ठाऊक! बायका हंडे घेऊन मागं धावल्या. ड्रायव्हर शेखभाई ओरडले, "अरे दीदी, ये रोड का पानी है, पीने का नहीं!"

एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रस्त्याला लई तहान लागली व्हय? आमची धुणीभांडी काय हवेवर करावी?"

शेखभाईंनी गुपचूप पाइप हंड्यात सोडला. रस्ता कोरडाच राहिला. अण्णांनी रिपोर्टात लिहिलं, 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'!

मग मुंबईहून तपासणीला साहेब येणार म्हणून धावपळ उडाली. चौकातल्या मशीनभोवती सकाळ-संध्याकाळ टँकर फिरला, झाडांची पानंसुद्धा धुतली. रीडिंग असं आलं की साहेब खूश! संध्याकाळी काळेकाका पेढे घेऊन हजर. "अण्णा, त्या चौकात काय गार हवा सुटलीय! महाबळेश्वर झक मारतं!"

तेवढ्यात बाहेरून ट्रक गेला. सासूबाईंना अशी ढास लागली की हातातला पेढा खाली पडला. मी पंप दिला, पाठ चोळली. दम लागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, तो टँकर एकदा आपल्या गल्लीतून काढा ना."

अण्णांनी चष्मा पुसला. "अगं, मलाही कळतं. पण आपल्या गल्लीत मशीन नाही. इथं पाणी मारलं तर रीडिंगमध्ये कुठं दिसणार?"

काळेकाकांनी मान डोलावली. मी आतून चहाचा ट्रे आणून खाली ठेवला.

"अण्णा, मग ते मशीन आणून आपल्या दारात बसवा. आईंना श्वास तरी घेता येईल."