लवकर म्हटलेलं 'तीन'

करंज्याच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या नानांचं 'दोन' संपता संपत नसे. 'एक' झटकन यायचं. 'दोन' मात्र भरतीच्या पाण्यासारखं पसरत जायचं, आणि 'तीन' येईपर्यंत घेणाऱ्याचा जीव पाटीतल्या पापलेटात अडकलेला असायचा. लहानपणी धक्क्यावर बसून मी ते ऐकत राहायचे. अजूनही डोळे मिटले की तो 'दोऽऽन' होड्यांमधून तरंगत येतो.

लिलाव करताना नाना मासळीकडे बघतच नसत. "म्हावरा काय बोलनार? घेनाऱ्याचा तोंड बोलतो," म्हणायचे.

पुढे आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या लीग आल्या. विमानतळात जमिनी जाऊन हाती पैसा आलेले लोक संघमालक झाले, खेळाडूंचे लिलाव लागायला लागले, आणि पुकारायला नानाच. माझा दादा डावखुरा गोलंदाज. चौतिशीत त्याला एकच धास्ती होती, बोली लागली नाही तर खेळच संपला.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तेही अर्थशास्त्रात. नानांना म्हटलं, "दादाचं नाव आधी घ्या. तेव्हा मालकांचे खिसे भरलेले असतात."

"खिसा भरला म्हंजे भूक लागली असा नाय, बाय." आणि नाव शेवटी ठेवलं.

कामोठ्याच्या हॉलमध्ये एकेक डावखुरा विकला गेला. दादा पाण्याची रिकामी बाटली पिळत बसला होता. अखेर तो एकटाच उरला, आणि दोन मालकांना डावखुरा हवाच होता. बोली चढत गेली, तशी मीही जमिनीपासून वर वर. तेवढ्यात नाना एका दमात म्हणाले, "एक-दोन-तीन!"

"ओ नाना, मी हात वर करत होतो!" उलव्याचा मालक ओरडला.

"करत व्हतास. केला नव्हतास."

बाहेर मी भांडले. "अजून चढला असता दादा!"

"चढला असता. मंग येके मॅचला मार खाल्ला का तोच मालक चार मानसांत त्याची लाज काढल. ह्या वयात मानसाला खेलू देल, येवराच भाव पायजे."

दुसऱ्याच सामन्यात दादाला एका षटकात तीन सिक्सर बसले. त्याचा मालक नुसतं "चालतंय रे" म्हणाला. दादा अख्खा सीझन खेळला, आणि मग आपल्या मर्जीनं थांबला.

नाना आता नाहीत. मी कामोठ्यात बारावीला अर्थशास्त्र शिकवते. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथं छेदतात, तिथं किमतीचा बिंदू काढताना खडू जरा खालीच टेकतो.

"मॅडम, पॉइंट चुकला."

"हो रे," म्हणते, आणि पुसून वर काढते. परीक्षेत तोच बरोबर धरतात.