अर्ध्या टाकीचा काटा

माझ्या मेहुण्याने जुनी होडी विकत घेतली, तेव्हा माझ्या पत्नीला जाऊन वर्ष सरले नव्हते. त्यांच्या घरात असा नियम आहे की वर्षश्राद्ध होईपर्यंत मोठी वस्तू उंबऱ्याआत आणायची नाही. मेहुण्याचे म्हणणे असे की होडी उंबऱ्याआत येतच नाही, ती जेटीवर राहते. सासूबाईंनी हे ऐकून घेतले, मान्य केले नाही. त्याची लाकडी होडी कुजून गेली होती आणि दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाण्याची त्याची तयारी नव्हती. एवढ्या गोष्टी मला माहीत होत्या. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्या महिन्यांत मी कशाचीच बाजू घेत नव्हतो.

होडी फायबरची, मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन आणि स्टिअरिंगपुढे तीन गोल काटे: एक पेट्रोलचा, एक इंजिनाच्या फेऱ्यांचा, एक बॅटरीचा. रायगड किनाऱ्यावरच्या एका मुस्लिम गृहस्थांकडून ती घेतली होती. त्यांनी व्यवहाराच्या वेळी समुद्रात फेरी मारून दाखवली आणि तिन्ही काटे नीट चालत होते, हे मेहुणा आजही सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर होडी खाडीत आली आणि सासूबाईंनी, नियम मोडलाच आहे तर निदान पूजा तरी हवी, म्हणून हळदकुंकू लावून नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने किल्ली फिरवली, तर अर्ध्या भरलेल्या टाकीचा काटा पूर्ण भरल्याच्या खुणेवर जाऊन बसला होता. पुढच्या आठवड्यात फेऱ्यांचा काटा मेला. मग बॅटरीचा थरथरू लागला. पाऊस लागला आणि होडी ताडपत्रीखाली गेली, तरी घरात बोलणे थांबले नाही.

सासूबाईंचा निष्कर्ष सरळ होता. मुलीला ही होडी नको आहे.

जुन्या मालकाला फोन केला, तेव्हा ते म्हणाले की होडी परत घ्यायला त्यांची हरकत नाही, फक्त नारळी पौर्णिमेच्या आत कळवा, कारण नंतर मासेमारी सुरू झाली की त्यांना वेळ नसतो. सासूबाईंनी तीच मुदत धरली. पौर्णिमेपर्यंत काटे नीट चालले तर होडी राहील, नाहीतर जाईल. तेव्हा मेहुण्याने मला बोलावले. मी दिघ्याजवळच्या रसायनांच्या कारखान्यात उपकरण विभागात नोकरी केली आहे. दाब, तापमान, पातळी दाखवणारे काटे खरे बोलतात की खोटे, हे पाहणे हेच माझे काम होते.

पौर्णिमेच्या आदल्या रविवारी मी सानपाड्याहून मल्टिमीटर आणि हत्यारांची पिशवी घेऊन जेटीवर गेलो. ओहोटी होती. होडी चिखलात एका कुशीवर कलली होती.

"भावजी, आज काय ते एकदाचं सांगा," मेहुणा म्हणाला. "काटं मेलं की आमी मेलू."

मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. पेट्रोलचा काटा टाकीतल्या तरंगत्या दांड्याशी एका वायरने जोडलेला असतो. टाकीपाशी ती वायर काढली, तर काटा रिकाम्यावर पडायला हवा. मी वायर काढली. काटा भरल्यावरच राहिला. म्हणजे टाकी निर्दोष होती. वायर मधेच कुठेतरी निगेटिव्हला जाऊन मिळत होती. मी मागून पुढे वायर तपासत गेलो. मेहुणा माझ्या गुडघ्यांकडे पाहत होता.

"घाटावरच्या मानसाला होडीत बसवला तं असा बसतो. जसा काय म्हशीवर बसलाय."

"वायर धर."

"धरलीय ना. धरून धरून हात मेला."

स्टिअरिंगपुढच्या पाटीचे स्क्रू काढून मी ती पुढे ओढली. मागे सगळ्या वायरींची मिळून एक जोडणी होती. ती उघडली, तर तिच्यातून मुंग्या बाहेर आल्या. बारीक, तांबूस, रांगेने. आतल्या पितळी पिनांवर हिरवा गंज होता, त्यावर वाळलेल्या गोडाचा चिकट थर आणि त्या थरात खोबऱ्याचा एक पांढरा कपचा. वरच्या कडेला कुंकू होते.

मेहुण्याने वाकून पाहिले.

लाकडी होडीचा नारळ नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फोडतात. त्या दिवशीही सासूबाई तिकडेच निघाल्या होत्या. मेहुण्यानेच त्यांना थांबवले होते. फायबर आहे, तडा जाईल, स्टिअरिंगखालच्या लोखंडावर फोड, असे तो म्हणाला होता. त्यांनी तिथे फोडला. पाणी आणि कपचे वर पाटीवर उडाले आणि फटीतून आत गेले. मी त्या वेळी जेटीच्या पत्र्याखाली उभा होतो आणि हे सगळे मी पाहिले होते. कारखान्यात कोणी विजेच्या पाटीजवळ पाण्याचा पेला जरी ठेवला असता, तरी मी धावत गेलो असतो. त्या दिवशी पाणी आत जाताना मी पाहिले आणि मला काहीही वाटले नाही. पाहणे आणि कळणे यांना जोडणारी वायर माझ्यातच कुठेतरी तुटली होती. याचे वाईट वाटायला हवे, असे मी स्वतःला तिथे बसून सांगितले. वाईट वाटले नाही. फक्त तसे सांगितल्याची नोंद राहिली.

"आयला सांगू नका," मेहुणा म्हणाला. "ती जलमभर सवताला बोल लावंल. जुनी वायर होती, असं सांगा."

मी होकार दिला.

गोड्या पाण्याने, मग स्प्रेने आणि दातांच्या जुन्या ब्रशने मी एकेक पिन साफ केली, वाळवली, ग्रीस लावून जोडणी बंद केली. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा काटा स्थिर राहिला. पेट्रोलचा काटा भरल्यावरून सुटला आणि हळूहळू अर्ध्यावर येऊन थांबला. मेहुण्याने टाकीत काठी घालून पाहिले. अर्धीच होती.

दुपारी भरती आल्यावर आम्ही होडी बाहेर काढली. खाडीच्या मध्यावर मेहुण्याने वेग वाढवला आणि वळण घेतले, तर इंजिन एकदम किंचाळू लागले आणि होडी जागच्या जागी मंदावली. त्याने इंजिन बंद केले. होडी पाण्यावर तशीच डुलत राहिली.

"आय बरोबर बोलते," तो हळूच म्हणाला.

हा माणूस सकाळपासून मला म्हशीवर बसवत होता. मला तेव्हा समजले की सासूबाईंचे म्हणणे त्यालाही अर्धे खरे वाटत होते.

"पुन्हा चालू कर आणि वळव," मी म्हणालो. मी आता पुन्हा चालू लागलेल्या फेऱ्यांच्या काट्याकडे पाहत राहिलो. वळणावर फेऱ्या एकदम वर चढत होत्या आणि वेग मात्र पडत होता. पंखा पाण्याऐवजी हवा कापत होता. मी विचारले, "पावसाळ्यात इंजिन काढून घरी नेलं होतंस ना? परत टांगताना होतं तिथंच टांगलंस?"

"बोल्टाचा येक भोक वर घेतला. आपल्या खाडीत गाल किती हाय, पंखा घासतो."

गाळ खरा होता आणि त्याची भीतीही खरी होती. परंतु इंजिनाची, पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाशी साधारण एका रेषेत असावी लागते. तो ती वर घेऊन बसला होता. जेटीवर परत येऊन आम्ही दोघांनी इंजिन एक भोक खाली घेतले, बोल्ट आवळले आणि पुन्हा गेलो. या वेळी वळणावर काटा स्थिर राहिला. मेहुणा जोराने हसला, आणि ते हसणे शेवटाला अगदी त्याच्या बहिणीसारखे उतरले. मी पाण्याकडे पाहिले.

परत आलो तेव्हा सासूबाई जेटीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी लांबूनच होडी पाहिली होती.

"काय झालता?"

"जुनी वायर होती, आई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "जुनी वायर नेमकी माज्या पूजंच्याच दिशी खराब झाली?"

मेहुणा दोरी बांधण्यात फार गुंतला होता. मी सरळ खोटे बोललो होतो आणि तेही ज्या बाईची मुलगी मी घरी नेली होती तिच्याशी. मग मी सांगितले. नारळ, पाणी, मुंग्या, आणि मी उभा राहून पाहिले होते तेही.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तूच बोल्ला ना, लोखंडावर फोड. अक्कल तं नालीवर ठेवलीस." त्याने बांधलेली दोरी पुन्हा आवळली. मग त्या बराच वेळ हातातल्या पदराची कड चाचपत राहिल्या.

"म्हंजे तिनं काय केला नाय."

"नाही, आई."

"मना वाटला, ती बोलते." त्यांनी होडीकडे पाहिले. "रागानं का होईना. मना वाटला, बोलते."

मीही त्याच गोष्टीची वाट पाहत होतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो, तेवढे केले.

पौर्णिमेला घरात सण नव्हता, मुलांना नवे कपडे नव्हते, वाजतगाजत कोणी गेले नाही. पण खाडीला नारळ चुकवत नाहीत. सासूबाई स्वतः होडीत चढल्या. त्यांच्या हातातला नारळ अखंड होता. खाडीला तो न फोडताच द्यायचा असतो. मेहुण्याने किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू करायचे सोडून तो आईच्या तोंडाकडे पाहू लागला. जुन्या मालकाला फोन करायचा की नाही, हे त्यांनी अजून सांगितले नव्हते.

त्यांनी मान वळवून मला विचारले, "काटा कुठं हाय?"

"अर्ध्यावर."

"टाकी?"

"अर्धीच आहे. सकाळी काठी घालून पाहिली."

त्यांनी नारळ पदरात नीट धरला. "मंग चला," त्या म्हणाल्या.