लोरेंझसाहेबाची शेवटची बाटली

डोमाजी बेज्जूरच्या डाकबंगल्यावर खानसामा होता. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, मग छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली. एवढ्या उलथापालथीत डोमाजीची चूल तेवढी जागची हलली नाही. साहेब बदलत, कोंबडी तशीच शिजे.

त्या वर्षी प्राणहितेवर पुलाची जागा पाहायला लोरेंझ नावाचा जर्मन इंजिनियर येऊन राहिला. माणूस ताडमाड, अबोल, हिंदी मोडकीतोडकी. पण बियरचा विषय निघाला की गडी खुले. बाटल्या हैदराबादेहून मागवी, पेले मात्र त्यानं आपल्या मुलखातून भुशात घालून आणलेले. डोमाजीच्या घरी पाणी, दूध, ताडी सगळं एकाच लोट्यातून जायचं. इथं बघावं तर प्रत्येक बियरचा पेला निराळा! पिवळ्याधमक, कडसर पिल्सला निमुळता पेला. म्युनिकच्या सौम्य बियरला कानाचा जाडजूड मग. बॉक म्हणजे काळीभोर, अंगानं जड; ती थंडीत प्यायची, फार गार करायची नाही. पेला गार पाण्यानं विसळायचा, तिरका धरून ओतायचं, फेस आला की थांबायचं, तो बसला की पुन्हा ओतायचं. डोमाजीला आधी वाटलं, फेस म्हणजे नुसती हवा, साहेबाला फसवल्यासारखंच ते. साहेबानं सांगितलं, फेस हे बियरचं झाकण, वास आत धरून ठेवतं. डोमाजीनं तोंडात बोट घातलं.

"पूजाच हाय वं त्याची ते," तो बायकोला, राहीबाईला सांगे.

"पूजा कायची, खूळ हाय," ती म्हणे.

साहेबाचा बाप बव्हेरियातल्या एका खेड्यात गव्हाची बियर बनवायचा. त्यानं लेकाला दोन बाटल्या बोटीनं धाडल्या. बाटल्या समुद्रात असतानाच बाप गेल्याची तार आली. पुढं त्या बेज्जूरला पोचल्या तेव्हा साहेबानं हातात घेतल्या, त्या बराच वेळ खाली ठेवल्याच नाहीत.

एका संध्याकाळी तो नदीवरून दमून आला आणि म्हणाला, त्यातली एक आण. डोमाजीनं विहिरीत सोडून गार केलेली बाटली बावर्चीखान्यात उघडली. बघतो तर बियर गढूळ, बुडाशी गाळ. नासली म्हणावी, तर वास पिकल्या केळ्याचा, लवंगेचा. आता आपल्या मुलखात पाहुण्याला ताडी द्यायची तर गाळून द्यायची, त्यातच त्याचा मान. डोमाजीनं धुतलेलं फडकं घेतलं, मन लावून गाळली, गाळ मोरीत फेकला. साहेबासमोर गेली ती निवळशंख, फेस मेलेली.

साहेबानं पेला उजेडात धरून आरपार बघितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तो हळूच म्हणाला, "डोमाजी, उस में मेरे बाप का हाथ था."

मग त्यानं समजावलं. गाळ नव्हता तो. खमीर होतं, बियर आंबवणारं, जिवंत. बापानं घरी जपलेलं. शेवटी थोडी बियर बाटलीत राखायची, बाटली गोल फिरवून ते खमीर उठवायचं आणि फेसावर ओतायचं.

डोमाजीला त्या दिवशी भाकर गिळेना. "मेल्या माणसाचं राह्यलेलं म्या मोरीत टाकलं," असं सांगताना एवढा बाप्या माणूस रडला. एरवी तिखट बोलणाऱ्या राहीबाईनं पाण्याचा लोटा पुढं केला. मग म्हणाली, "अजून एक हाय ना?"

होती. पण ती साहेब काही काढेना, आणि मागायची डोमाजीची छाती नव्हती. तेवढ्यात नोव्हेंबर आला. नदीचा हा काठ आंध्र प्रदेशात आला, पलीकडचा चांद्याचा काठ मुंबई राज्यात गेला. नदी बिचारी होती तिथंच. आता एका पुलाला दोन सरकारं, म्हणजे दोघांचंही घोडं अडलं! काम थांबलं, साहेबाला परत बोलावणं आलं. डोमाजीनं हाय खाल्ली. बाटली साहेबाबरोबर जाणार आणि आपल्या हातून झालं ते कधीच निस्तरणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, साहेबानं गार केलेली ती बाटली त्याच्यापुढं धरली.

"साब, फिर से गलती हो गई तो?"

"फिर भी तुम."

डोमाजीनं उंच पेला विसळला, तिरका धरला. धार काचेच्या कडेनं उतरली. पेला सरळ केला तसा फेस वर आला, बोंडातून कापूस फुटावा तसा. घोटभर बियर बाटलीत राखून त्यानं ती फिरवली. बुडाचं पांढरं उठलं, त्यानं ते फेसावर ओतलं, पेला धुक्यासारखा भरून आला आणि केळ्याचा, लवंगेचा वास सगळ्या व्हरांड्यात पसरला. बनवणारा कधीच मातीआड झाला होता, आणि त्याचं काम इथं, बेज्जूरच्या रानात, अजून जिवंत होतं, बुडबुडत होतं. डोमाजीचे हात आपोआप जोडले गेले.

साहेबानं पेला ओठाशी नेला, तसा डोमाजी बोलून गेला, "साब, हमारे में पहला घोट बाप को देते. जमीन पे."

साहेब थांबला. त्यानं बूट काढले, पायऱ्या उतरला, अंगणात गुडघे टेकले आणि पहिली धार मातीवर सोडली. माती ती पिऊन गेली.

मग उठून त्यानं भरला पेला डोमाजीपुढं केला. डोमाजी मागं सरला.

"बाप के बाद तुम," साहेब म्हणाला.

डोमाजीनं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि साहेबाच्या आधी प्याला.