जावेच्या पोटातल्या गाठी

“घरात कुणाला टीबी झाला होता का?” सीटी स्कॅनचे डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होते. मी “नाही” म्हटलं.

झाला होता. मलाच. धाकटी जाऊ नवी नवरी होऊन आली त्या वर्षी मी खोकत होते आणि ती दिवसभर माझ्याशेजारी चुलीपाशी बसायची. पुढं मी माहेरी, अळणावरजवळच्या खेड्यात राहून इंजेक्शनं घेतली. सासरी कावीळ सांगितली. आता माझ्या लेकीची सोयरीक ठरली होती. टीबीचं घर म्हटलं की मुलाकडचे उंबरा चढत नाहीत.

जावेचं पोट दोन महिने फुगत होतं. दाजीबानपेठेतल्या बायका विचारायच्या, “या वयात गोड बातमी काय गं?” हुबळीत तेव्हा सीटी नवीन होती. फोटो काढण्याआधी तिला तांब्याभर औषधाचं पाणी प्यायला दिलं, तर म्हणाली, “अक्का, तुमच्या आमटीपेक्षा बरं आहे.”

डॉक्टरांनी उजेडावर फिल्म धरून दाखवली. मला नुसते ढग दिसले.

“गाठी आतड्यात नाहीत,” ते म्हणाले. “आतडी ज्या पडद्यानं पाठीला धरलेली असतात, त्या पडद्यात आहेत. पोटाचं अस्तरही जाड झालंय, पाणी साठलंय. कॅन्सरमध्ये असं दिसतं. टीबीतही असंच दिसतं.”

“मग फोटो काढला कशाला?” शेजारी बसलेले दीर, जावेचे यजमान, म्हणाले.

“कुठं आहे ते कळायला. काय आहे ते सुईनं तुकडा काढल्यावर कळेल.”

सुई म्हणताच दीर उठले. गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो, असं आमच्याकडं सगळेच धरून चालायचे. “चला वहिनी. आहेत तेवढे दिवस घरात काढू दे तिला.”

मला काही कळेना. माझा रोग छातीतला, तिचा पोटातला. माझा तिच्याकडं जाईल कसा? तोही मी बरी होऊन इतकी वर्षं झाल्यावर? खरं बोलून लेकीचं लग्न मोडायचं आणि निघायचा कॅन्सरच, तर काय मिळवलं? बाहेर जाऊ बाकाखाली चपला शोधत होती. दीर रिक्षा बघायला निघाले होते. मी मागं फिरले आणि दारातूनच डॉक्टरांना म्हटलं, “मला झाला होता. टीबी.”

दीर थांबले. “ती कावीळ ना?”

“नव्हती.”

ते परत आत आले. डॉक्टरांना म्हणाले, “टीबी असला तर बरी होईल. घाला सुई.”

सीटीत बघत बघत सुई घातली. आठ दिवसांनी टीबी निघाला. माझ्यामुळं का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला ते अजून कळलेलं नाही. लेकीचं लग्न झालं. तिच्या सासरी दीर टीबीचं काही बोलले नाहीत. माझ्याशीही वर्षभर बोलले नाहीत.

नऊ महिने गोळ्या घेतल्या. जाऊ जगली.